300 चे पॅकेज, 94 चा वेग : आंजर्ल्यातील एका घराच्या नेटवर्कची सुधारणा

दापोली तालुक्यातील आंजर्ले गावात, किनाऱ्यापासून थोडे आत, नारळी-पोफळीच्या आगरात उभ्या असलेल्या एका जुन्या घराचे हे प्रकरण आहे. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असून भिंती दीड फूट जाडीच्या आहेत. पुढे ओटी, मध्ये माजघर व देवघर, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, माजघरावर लाकडी तक्तपोशीचा माळा आणि त्यावर मंगलोरी कौले, अशी कोकणातील जुन्या घरांची परिचित रचना येथेही आहे. मागील दारातून आगरात उतरून सुमारे 40 मीटर चालत गेले की पर्यटकांसाठी अलीकडे बांधलेल्या दोन खोल्या लागतात. घरातील काका निवृत्त शिक्षक आहेत, त्यांचा मुलगा माळ्यावर बसून पुण्यातील कंपनीचे काम करतो आणि वहिनी, म्हणजे त्याची पत्नी, निवासाचा व्यवसाय सांभाळतात. कासव महोत्सवाचे दिवस, मे महिना आणि दिवाळी या काळात दोन्ही खोल्या भरलेल्या असतात आणि नेटवर्कवरचा सर्वाधिक ताणही तेव्हाच येतो.

तक्रार साधी होती. फायबरचे कनेक्शन सेकंदाला 100 मेगाबिटचे होते, ते वाढवून 300 चे घेतले, दरमहाचे बिल वाढले आणि वेगात काडीचाही फरक पडला नाही. कंपनीच्या माणसाला बोलावले असता त्याने भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, आपला लॅपटॉप तारेने जोडून 300 चा आकडा दाखवला आणि तो निघून गेला. त्याचे म्हणणे खरे होते आणि घरच्यांचेही खरे होते. त्यानंतर दोन सल्ले मिळाले. एका दुकानदाराने तीन नगांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घराभर वाय-फाय पसरवणारी यंत्रे, घेण्यास सांगितले, तर दुसऱ्या एका परिचिताने 500 चे पॅकेज घेण्याची शिफारस केली. हे दोन्ही खर्च त्या वेळी वाया गेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वेग नेमका कोठे अडतो आहे हे तोपर्यंत कोणीही पाहिले नव्हते.

आगरात शिंपणे करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की विहिरीवर मोठा पंप बसवला तरी पाणी पुढच्या सर्वांत अरुंद पन्हळीइतकेच येते. घरातील नेटवर्कही असेच एकापुढे एक जोडलेल्या टप्प्यांचे असते : बाहेरून येणारे फायबर, ओएनटी, राउटर, भिंतींतून गेलेली तार, वाय-फाय आणि शेवटी हातातला फोन. म्हणून सुरुवातीला वाय-फाय पूर्णपणे बाजूला ठेवून, एकच लॅपटॉप आणि एकच खात्रीची तार घेऊन, प्रत्येक टप्प्यानंतर वेग मोजायचा असे ठरवले.

94 या आकड्याचा अर्थ

ओएनटीला थेट जोडल्यावर लॅपटॉपवर 300 हून किंचित जास्त वेग मिळाला. तोच लॅपटॉप राउटरमागे जोडला आणि वेग 94 वर आला. पुन्हा मोजला, तरी 94. सकाळी आणि रात्रीही तोच आकडा आला. या आकड्याकडे नीट पाहिले तर निम्मे निदान तेथेच होते. गर्दीमुळे किंवा वाय-फायच्या अडथळ्यांमुळे घटलेला वेग एका जागी थांबत नाही, तो 60 होतो, 110 होतो, पुन्हा 40 होतो. 94 च्या आसपास खिळून राहणारा वेग मात्र मार्गात कोठेतरी 100 मेगाबिटचे पोर्ट, म्हणजे तार जोडण्याची खाच, आहे हे सांगतो. इथरनेटवरून, म्हणजे तारेच्या नेटवर्कवरून, माहितीची पूर्ण लांबीची फ्रेम (एक गठ्ठा) जाते तेव्हा ती तारेवर 1538 बाइटची जागा घेते, कारण मजकुराबरोबर पत्ते, तपासणीचे अंक आणि दोन फ्रेममधील सक्तीची मोकळी जागा हेही त्यात येते. प्रत्यक्ष मजकुराच्या वाट्याला 1460 बाइट किंवा त्याहून थोडे कमी उरतात. त्यामुळे 100 च्या पोर्टातून हाती लागणारा वेग 94 ते 95 च्या पुढे जाऊ शकत नाही, पॅकेज कितीही मोठे असले तरी.

राउटर काही वर्षांपूर्वी घेतलेला होता आणि त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 300 असे छापलेले होते. पॅकेज 300 चे आणि राउटरही 300 चा, म्हणजे जोड जमला, असा घरच्यांचा समज होणे स्वाभाविक होते. परंतु तो 300 हा वाय-फायचा, हवेतील जोडणीचा, कागदोपत्री कमाल वेग होता. त्याच राउटरची तारेची सर्व पोर्टे 100 ची होती. तांब्याच्या तारेवरून गिगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिट, वेगाने माहिती पाठवण्याचे मानक 1999 साली ठरले, तरी त्यानंतर कित्येक वर्षे स्वस्त राउटरांमध्ये 1995 च्या मानकाची 100 ची पोर्टेच बसवली जात राहिली. ग्राहकाला खोक्यावरून हे कळणे अवघड आहे आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. खरेदी करताना वाय-फायच्या आकड्याकडे न पाहता ‘गिगाबिट पोर्ट आहेत का’ एवढे विचारले आणि तसे खोक्यावर लिहिलेले पाहिले, तरी ही फसगत टळते. ज्यांच्याकडे आधीच राउटर आहे त्यांनी लॅपटॉप तारेने जोडून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहावा. तेथे 100/100 असे दिसले तर अडथळा जवळच आहे, 1000/1000 दिसले तर निदान तेवढा टप्पा मोकळा आहे. ही खूण राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधील तारेपुरती आहे हे मात्र लक्षात ठेवावे. ओएनटीकडच्या बाजूची जोडणी राउटरच्या माहितीपानावर वेगळी पाहावी लागते.

राउटर बदलून सर्व पोर्टे गिगाबिटची असलेला आणि वाय-फाय 6 चा, म्हणजे वाय-फायच्या नव्या पिढीचा, राउटर बसवला. ओटीवर तारेने 300 मिळू लागले.

माळ्यावर जाणारी तार

माळ्यावर मात्र वेग 94 च राहिला. ओटीपासून माळ्यापर्यंत जाणारी तार वाशांच्या कडेने नेलेली होती आणि तिला आता बरीच वर्षे झाली होती. घरच्यांची तयारी नवी, वरच्या श्रेणीची कॅट-6 तार ओढून घेण्याची होती, त्यासाठी कौले काढावी लागली असती. तत्पूर्वी जुन्या तारेची दोन्ही टोके पाहिली.

तारेच्या माळ्याकडील टोकाचा आरजे-45 प्लग पकडीने कापून उजेडात धरला. आतील आठ तारांपैकी सहाच प्लगपर्यंत पोहोचल्या होत्या. निळी आणि निळी-पांढरी ही जोडी प्लगच्या अलीकडेच बाहेर काढून, चिकटपट्टी गुंडाळून, दूरध्वनीच्या एका जुन्या चौकोनी डबीत नेलेली होती. पूर्वी ओटीवरील दूरध्वनीचे एक्स्टेन्शन माळ्यावर हवे होते, तेव्हा कोणीतरी वेगळी तार न ओढता याच तारेतील रिकामी जोडी वापरून घेतली होती. त्या काळी ते काम चुकीचे नव्हते. 100 मेगाबिटच्या इथरनेटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी या जोड्या पडून असतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी यांपैकी एक जरी जोडी तुटकी असली तरी दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा मुकाट्याने 100 वर उतरतात. कोठेही लाल दिवा लागत नाही की सूचना येत नाही, सर्व काही चालूच दिसते, आणि म्हणून असा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

दूरध्वनीची ती लाइन फायबर आल्यापासून बंदच होती, त्यामुळे जोडी मोकळी करण्यास हरकत नव्हती. तार ठेवण्याजोगी आहे का, हे पाहण्यासाठी एक धागा चाकूने खरवडला. आत शेवटपर्यंत तांबूस रंग दिसला, म्हणजे तांबे पूर्ण होते. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेल्या तारा बाजारात सर्रास मिळतात, त्या खरवडल्या की पांढऱ्या दिसतात. त्यांचा रोध जास्त असतो, त्या वाकवल्या की लवकर तुटतात आणि खाऱ्या हवेत उघड्या टोकांपासून गंजत जातात. या घरातील तारेवर कॅट-5ई असे छापलेले होते आणि 100 मीटरपर्यंत गिगाबिटसाठी ते पुरेसे आहे. येथे जेमतेम 20 मीटरचे काम होते. कॅट-6 ने या घरात काहीही वाढले नसते.

टोकाशी तांब्यावर हिरवट थर चढला होता. समुद्राजवळ हे होतेच. तो भाग बोटभर कापून टाकला आणि दोन्ही टोकांना प्लगऐवजी भिंतीवर बसणाऱ्या डब्या लावल्या. रंगांचा क्रम नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी असा दोन्हीकडे एकसारखा ठेवला. जोड्या मुद्दाम पिळलेल्या असतात, त्यामुळे शेवटपर्यंत पीळ शक्य तितका राखला. लॅपटॉपवर 1000/1000 उमटले. कौल एकही काढावे लागले नाही.

जांभ्याच्या भिंती आणि लाकडी तक्तपोशी

आता वाय-फाय. ओटीवरील राउटरपासून स्वयंपाकघरापर्यंत दीड-दीड फुटांच्या दोन भिंती आडव्या येतात. ओटीवर फोनला मिळणारा संकेत उणे 45 डीबीएमच्या (संकेताची शक्ती मोजण्याचे एकक, उणे आकडा जितका मोठा तितका संकेत क्षीण) आसपास होता, तो स्वयंपाकघरात उणे 82 पर्यंत घसरत होता. हे मोजमाप दर 3 डीबीएमला शक्ती निम्मी होईल अशा प्रमाणात चालते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधील अंतर किती प्रचंड आहे ते कळते. व्हिडिओ कॉल विनाव्यत्यय चालण्यासाठी उणे 67 किंवा त्याहून चांगला संकेत असावा, असा साधारण नियम पाळला जातो. पावसाळ्यात स्वयंपाकघरात अधिकच वाईट चालते, असे वहिनी सांगत होत्या आणि ते निराधार नव्हते. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी 5 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर दमतात, त्यामुळे नवा राउटर आणूनही आतल्या खोल्यांना त्याचा फारसा लाभ होत नव्हता.

माजघरात एक रिपीटर, म्हणजे वाय-फायचा संकेत झेलून पुढे पाठवणारे यंत्र, लावलेला होता. एकाच रेडिओवर ऐकायचे आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलायचे असल्यामुळे असा रिपीटर मिळालेला वेग जवळपास निम्मा करून पुढे देतो. त्याहून मोठा तोटा कमी लोकांच्या लक्षात येतो. वाय-फायवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. उत्तम संकेत असलेला फोन 144 मेगाबिटच्या जोडणीवर जे काम करतो, तेच काम कोपऱ्यातला फोन 6 मेगाबिटवर करू लागला, तर त्याला हवा चोवीसपट वेळ अडवून धरावी लागते आणि तेवढा वेळ ओटीवरचा चांगला फोनही ताटकळतो. म्हणून दूरच्या यंत्राला संकेत देणे हे साऱ्या घराचे काम आहे, त्या एका खोलीचे नव्हे.

मार्ग घराच्या रचनेतच होता. भिंती दगडी असल्या तरी माजघर आणि माळा यांच्यामध्ये केवळ फळ्यांची तक्तपोशी आहे आणि कोरडे लाकूड या लहरींना फारसे अडवत नाही. माळ्याची तार आता गिगाबिटची झालेली असल्यामुळे तेथे एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेने आलेले नेटवर्क वाय-फायने पसरवणारे यंत्र, जोडला आणि तो माळ्याच्या मागील अंगाला, स्वयंपाकघराच्या बाजूला, जमिनीलगत बसवला. संकेत भिंतींतून आडवा जाण्याऐवजी फळ्यांतून खाली उतरू लागला. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणी उणे 60 च्या आसपास आकडे मिळाले. रिपीटर काढून टाकला. राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांना एकच नाव व एकच पासवर्ड दिला, 2.4 साठी एकाला 1 आणि दुसऱ्याला 11 क्रमांकाचे चॅनेल ठरवून दिले आणि ओटीवरील राउटरची प्रक्षेपणशक्ती मुद्दाम कमी केली. ती पूर्ण ठेवली तर माजघरात गेलेला फोन ओटीच्या क्षीण संकेताला चिकटून बसतो आणि डोक्यावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे वळत नाही.

माळ्यावरच्या यंत्राने फोन-संगणकांना स्वतः नेटवर्कचे पत्ते वाटू नयेत यासाठी ते राउटर म्हणून न चालवता केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवले. एकामागे एक दोन राउटर चालवल्याने उद्भवणाऱ्या अडचणी शोधण्यात माणसाचा फार वेळ जातो.

आगरातील खोल्या

पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत पूर्वी पोफळीवरून पोफळीवर टाकलेली तांब्याची तार होती. परतीच्या पावसात जवळपास वीज पडली तेव्हा तिच्या दोन्ही टोकांची यंत्रे एकदम गेली होती. वीज तारेवरच पडायला हवी असे नाही. दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते, जवळ वीज पडली की दोन्हींच्या जमिनीतील विद्युतदाबात क्षणभर मोठा फरक पडतो आणि दोघींना जोडणारी तांब्याची तार त्या दाबाला वाट करून देते. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क तार नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. कोकणात तर वळिवाचे आणि परतीच्या पावसाचे दिवस पाहता त्याला अपवाद नसावा.

हवेतून जोडणी करण्याचा विचार केला आणि सोडला. मध्ये आगर आहे, नारळाच्या झावळ्या आणि पोफळीची पाने वाऱ्याने सतत हलतात, चार महिने ओली असतात आणि खोल्या ओटीवरून दिसतही नाहीत. फायबर हाच उपाय उरला. काच वीज वाहून नेत नाही. फायबरच्या काही केबलींत आधारासाठी पोलादी तार असते, ती मुद्दाम टाळून फायबरग्लासच्या काडीची केबल घेतली, अन्यथा हेतूच निष्फळ झाला असता. दोन्ही टोकांना गिगाबिटचे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तारेतील संकेत प्रकाशात आणि प्रकाशातील तारेत बदलणारी यंत्रे, बसवले. ते जोडीने घ्यावे लागतात, कारण एकाच धाग्यावरून एक यंत्र 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवते आणि दुसरे 1550 वर. टोकांचे स्प्लायसिंग, म्हणजे काचेचे धागे जोडण्याचे काम, केबलचे काम करणाऱ्या स्थानिक कारागिराकडून करून घेतले.

केबल वरून न नेता जमिनीतून नेली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील नारळी-पोफळी शेकड्यांनी आडव्या झाल्या आणि त्यांच्या आधाराने गेलेल्या तारा त्यांच्याबरोबर गेल्या, हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे खणण्याच्या खर्चाबद्दल त्यांना पटवावे लागले नाही. पाण्याच्या पाटाच्या कडेने दीड फूट खोल चर काढला, कारण तेथे झाडांच्या मुळांना धक्का लागत नव्हता आणि पुढे कधी कोणी तेथे कुदळ मारण्याची शक्यता कमी होती. केबल काळ्या एचडीपीई (टणक प्लॅस्टिकच्या) नळीतून ओढली. घुशी उघडी केबल कुरतडतात. नळीची दोन्ही तोंडे बंद केली आणि आत एक नायलॉनची दोरी ठेवून दिली, म्हणजे पुढे दुसरी केबल ओढायची झाल्यास पुन्हा खणावे लागणार नाही. एकूण खर्चातील मोठा वाटा यंत्रांवर नव्हे, या खणकामावर आणि केबलीवर गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला.

खोल्यांमध्ये एक अ‍ॅक्सेस पॉइंट बसवून पाहुण्यांसाठी वेगळे नाव व वेगळा पासवर्ड दिला, जेणेकरून त्यांच्या फोनवरून घरातील संगणक दिसू नयेत. त्यावर वेगाची मर्यादाही घातली. संध्याकाळी समुद्रावरून परतलेल्या पाहुण्यांचे फोन दिवसभराचे फोटो एकदम चढवू लागतात आणि त्याच वेळी माळ्यावरच्या कॉलमधला आवाज तुटू लागतो, अशी जुनी तक्रार होती. मर्यादेनंतर ती उरली नाही.

फायबर आणि वीज

बाहेरून येणारे फायबर वळचणीला वाशाभोवती काटकोनात वाकवून बांधलेले होते. ओएनटीच्या माहितीपानावर प्रकाशाची शक्ती उणे 25 डीबीएम दिसत होती. या प्रकारच्या जोडणीत साधारण उणे 27 पर्यंत काम चालते, म्हणजे फारसा वाव उरलेला नव्हता. वळण मोठे करून केबल सैल बांधताच आकडा उणे 21 वर आला. याने वेग वाढला नाही आणि वाढणारही नव्हता, परंतु वादळी वाऱ्यात लाल दिवा लागून कनेक्शन जाण्याचे प्रकार त्यानंतर थांबले. ओएनटी, राउटर आणि घराकडचा कन्व्हर्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, तर खोल्यांकडील यंत्रांना 12 व्होल्टचा छोटा यूपीएस दिला.

शेवटच्या मोजणीत माळ्यावर तारेने 300, माजघरात फोनवर 250 च्या वर आणि आगरातील खोल्यांत तारेने 300 मिळाले. ओटीवरचा टीव्ही अजूनही 94 वर आहे. त्याचे स्वतःचे पोर्ट 100 चे असून बहुतेक टीव्हींचे तसेच असते. 4के चित्राला 25 च्या आसपास मेगाबिट पुरतात, म्हणून तेथे काही केले नाही. 500 च्या पॅकेजचा विषय काकांनी पुन्हा काढला, तेव्हा दोन्ही खोल्या भरलेल्या असतानाचा राउटरवरील वापराचा आलेख त्यांना दाखवला. तो 300 च्या जवळपासही जात नव्हता. पॅकेज आहे तेच ठेवले आहे. पावसाळा संपल्यावर दरवर्षी माळ्याच्या तारेच्या दोन्ही टोकांच्या डब्या उघडून हिरवट थर पाहायचा, गरज पडल्यास टोक कापून नव्याने बसवायचे आणि ओएनटीवरील प्रकाशशक्तीचा आकडा लिहून ठेवायचा, हे काम मुलाने स्वतःकडे घेतले असून त्यासाठी पकड, जादा डब्या आणि जोडणीचा नकाशा ओटीवरील कपाटात ठेवलेला आहे.